ब्लाऊज नव्हे, पोलकं

मापाला आलेली बाई दंडावर बोट ठेवून 'इथपर्यंत' म्हणते, तेव्हा त्या बोटाच्या जागेवरून तिचं वय, तिचं घर आणि तिची सासू कशी असेल हे मला कळतं, असा माझा बरीच वर्षं समज होता. इचलकरंजीत मावशीच्या शिलाईच्या दुकानात बसून तो तयार झाला होता. अमेरिकेत, युटात आल्यावर घराच्या बेसमेंटमध्ये मशीन मांडलं, इथल्या देशी बायकांचे ब्लाऊज शिवायला लागले, तरी तो नीट टिकून होता. मग एका मे महिन्यात माझी समोरची शेजारीण साडीची पिशवी घेऊन आली.

तिच्या ऑफिसातल्या एका तेलुगू सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं आणि त्यांनी तिला गर्द हिरवी, बारीक जरीकाठाची साडी भेट दिली होती. साडी सुरेख. सोबतचा रेडिमेड ब्लाऊज मात्र बिनबाह्यांचा, पाठीला हातभर खिडकी, वर दोरी आणि दोरीला लटकन. पंचावन्न वर्षांची, सहा मुलांची आई असलेली ती बाई तो ब्लाऊज दोन बोटांत धरून म्हणाली, "याला बाह्या लावता येतील? कोपराच्या जरा वरपर्यंत. पाठ पूर्ण बंद. आणि खाली इतका लांब, की हात वर केला तरी मध्ये काही दिसू नये."

मी म्हटलं, "अगं, साडीत कंबर थोडी दिसणारच."

ती हसली, पण हटली नाही. "कंबर दिसण्याचं मला काही नाही. आत माझे गार्मेंट्स आहेत. ते दिसता कामा नयेत."

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. ती मॉर्मन आहे, आणि गार्मेंट्स म्हणजे त्या पंथाची पवित्र अंतर्वस्त्रं.

तिचं नाव इथं लिहीत नाही. या विषयावर लिहू का, असं मी तिला नंतर विचारलं, तेव्हा तिनं दोनच अटी घातल्या: माझं नाव नको, आणि मंदिराच्या आतलं जे आहे ते नको. दोन्ही पाळते आहे. आतलं सगळं इंटरनेटवर सापडतं, ज्याला हवं त्यानं शोधावं. शेजारणीच्या घरचं बोलणं आपल्या घरी आणताना उंबऱ्यावर काही ठेवून यावं लागतं, तसं समजा.

आणि खरं सांगायचं तर, याआधी मी या विषयावर पोटभर हसलेले होते. आमचं युटाला यायचं ठरलं तेव्हा नवऱ्याच्या एका मित्रानं या राज्याची पहिली ओळख करून दिली ती अशी: "तिथले लोक जादूची चड्डी घालतात." झालं, कॉलेजच्या ग्रुपवर तो विनोद चार दिवस फिरला. तो त्या मित्राचाही नव्हता. 2012 मध्ये मिट रॉम्नी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा अमेरिकेत या विनोदाला नुसता ऊत आला होता. रॉम्नी मॉर्मन, म्हणजे त्यांच्या सुटाच्या आत काय असेल, यावर ज्याला-त्याला बोलायचं होतं. आमच्या घरात आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, गळ्यात जन्मभर तुळशीची माळ होती. तरीही मला त्यात फक्त विनोद दिसला, हे पुढं बरंच टोचलं.

आम्ही राहतो ते लीहाय, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला. हा पट्टा अलीकडं आयटी कंपन्यांनी इतका भरलाय की त्याला 'सिलिकॉन स्लोप्स' म्हणतात, आणि त्यामुळंच इथं मराठी घरंही झालीत. पूर्वेला टिंपनोगस डोंगर, त्याच्या पायथ्याला अमेरिकन फोर्कमध्ये 1996 चं मंदिर, पांढरंशुभ्र, रात्री दिव्यांत न्हालेलं. पहिल्या आठवड्यात आम्ही तिथं 'दर्शनाला' गेलो होतो, मुलीला फ्रॉक घालून वगैरे. बाग पाहिली, फोटो काढले. आत जायला निघालो तर एका आजोबांनी फार गोड बोलून थांबवलं.

आपल्याकडं चपला बाहेर काढल्या की देऊळ आपलं. इथं रविवारच्या सभेचं चर्च सगळ्यांना उघडं असतं, पण मंदिर वेगळं. तिथं जायला 'रेकमेंड' लागतं, खिशात मावणारं एक कार्ड. ते दर दोन वर्षांनी नवं करायचं. त्यासाठी आधी वॉर्डाचा, म्हणजे स्थानिक मंडळीचा, बिशप आणि मग त्याच्या वरचा अधिकारी, असे दोघं समोर बसवून प्रश्न विचारतात. उत्पन्नाचा दहावा हिस्सा देतेस का? चहा, कॉफी, दारू, तंबाखूपासून दूर आहेस का? आणि त्यातच गार्मेंटबद्दलही एक प्रश्न असतो.

मॉर्मन म्हणजे कोण, हे थोडक्यात. 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ या तरुणानं हा पंथ स्थापला. लोकांनी जागोजागी हुसकलं, 1844 मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावानं स्मिथला गोळ्या घातल्या, आणि ब्रिगम यंगच्या मागं हे लोक बैलगाड्या घेऊन 1847 मध्ये या खाऱ्या सरोवराच्या काठी पोचले. आज चर्च जगभरात पावणेदोन कोटींच्या आसपास सभासद सांगतं. 'मॉर्मन' हे नावही त्यांना आता नको आहे. 2018 पासून चर्चचं लांबलचक पूर्ण नाव वापरा असा आग्रह आहे. माझी शेजारीण तो आग्रह पाळते, मी इथं सोयीसाठी पाळत नाही. बहुपत्नीत्वाचं विचाराल, तर मुख्य चर्चनं ते 1890 मध्ये अधिकृतपणे सोडलं. फोनवर प्रत्येक नातेवाईक पहिलं तेच विचारतो, म्हणून आधीच सांगून टाकलं.

तर गार्मेंट. पांढरे, दोन कपडे: वर छोट्या बाह्यांची बंडी, खाली गुडघ्यापर्यंतची चड्डी. जन्मानं मिळत नाहीत. बाप्तिस्मा आठव्या वर्षी होतो, पण गार्मेंट त्यानंतर खूप उशिरा येतं, मोठेपणी, मंदिरात 'एंडाउमेंट' नावाचा विधी होतो तेव्हा. बहुतेकांचा तो धर्मप्रचाराला घराबाहेर पडण्याआधी किंवा लग्नाआधी होतो. त्या विधीत माणूस देवाला काही वचनं देतो आणि त्यांची आठवण म्हणून हे कपडे अंगावर येतात. ते मग आयुष्यभर, दिवसा आणि रात्री. कापडावर छोट्या खुणा असतात, त्याही त्या वचनांच्याच. बायबलात आदम आणि ईव्हला बागेतून बाहेर काढताना देवानं कातड्याचे कपडे करून घातले असं आहे. हे तेच, असं शेजारणीचं म्हणणं. "त्यांना बाहेर काढलं, पण उघडं नाही पाठवलं," ती म्हणाली.

काढून दाखवायचा प्रश्नच नव्हता, आणि गरजही नव्हती. 2014 च्या ऑक्टोबरात चर्चनं स्वतःच एक छोटा व्हिडिओ काढून हे कपडे टेबलावर पसरून दाखवले. ख्रिस्ती जोगिणीचा झगा, ज्यूंची प्रार्थनेची शाल, मुसलमानांची टोपी, बौद्ध भिक्षूंचं चीवर, त्याच रांगेतलं हे आहे आणि त्याला जादूची चड्डी म्हणणं आम्हाला लागतं, असं त्यात सरळ सांगितलं. मी तो पाहिला तो शिंपिणीच्या नजरेनं. चारचौघांतलं होजिअरीचं साधं काम. त्यातला नवलाईचा भाग बघायला गेलं तर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी टी-शर्टावरूनच मी तिचं माप घेतलं. दंडावरून टेप फिरवताना आतल्या बाहीची दुमड बोटाला लागली. तिचं 'इथपर्यंत' तिथं होतं. बोट ठेवायची तिला गरजच नव्हती.

मी म्हटलं, "बाई गं, तुला ब्लाऊज नकोय. तुला पोलकं हवंय."

पोलकं म्हणजे काय हे तिला समजावताना माझी तारांबळ उडाली. शेवटी आजीचा फोटो दाखवला. नऊवारी, कोपरापर्यंत बाही, गळ्याशी भिडलेला गळा, पोटावर उतरलेली लांबी. ती फोटो मोठा करकरून बघत राहिली. "ही पण तुमच्याच देशातली?" तिला वाटत होतं की भारतीय म्हणजे सिनेमातला ब्लाऊज.

या कपड्याचा इतिहास तिनंच सांगितला, शिंपिणीला आवडेल म्हणून. जोसेफ स्मिथनं एंडाउमेंट पहिल्यांदा दिली 4 मे 1842 ला, इलिनॉयमधल्या नौवू गावात, स्वतःच्या विटांच्या दुकानाच्या माडीवर. तेव्हाचं गार्मेंट अखंड होतं, मनगटापासून घोट्यापर्यंत, कॉलरचं, बटणांऐवजी बंद बांधायचं. बाराबंदीला खाली पायजमा जोडून शिवावा तसं काहीतरी डोळ्यासमोर आणा. 1906 मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ यांनी फॅशनपायी या नमुन्याला हात लावू नका, देवानं दिला तसाच ठेवा, अशी तंबी दिली. आणि 1923 मध्ये चर्चनंच बाह्या कोपरावर आणल्या, पाय गुडघ्यावर, बंद जाऊन बटणं आली, कॉलर गेली. जुन्या लोकांना ते रुचलं नाही. मंदिराच्या आत 1975 पर्यंत जुनाच लांब नमुना चालू राहिला. 1979 मध्ये वरचं-खालचं वेगळं झालं. बाह्या त्यानंतरही चढतच गेल्या.

मला यात गंमत वाटते ती अशी की दर वेळी 'हे बदलायचं नाही' आणि 'हे बदललं' ही दोन वाक्यं एकाच तोंडातून थोड्या वर्षांच्या अंतरानं येतात. हे काही मॉर्मनांपुरतं नाही. आमच्या गल्लीत सोवळ्याला रेशीमच हवं म्हणणाऱ्या काकूंनी पुढं टेरिलिनही चालवून घेतलं होतं.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "अगं, मग ते धुतात कसे? वाळत कुठं घालतात?"

माझी आई म्हणजे अशी. पण प्रश्न मुळावर होता. धुतात मशीनमध्ये, इतर कपड्यांसारखेच. जमिनीवर लोळू द्यायचे नाहीत. लोकांना दिसेल असे बाहेर वाळत घालायचे नाहीत (इथं तसंही कुणी घालत नाही, सगळं ड्रायरमध्ये, दोरी बांधली तर सोसायटीचं पत्र येतं). स्वतः कापून आखूड करायचे नाहीत. अंघोळ, पोहणं, खेळ, नवरा-बायकोचा एकांत, तेव्हा काढायचे, पण परसात झाडांना पाणी घालायला सोपं जावं म्हणून काढून ठेवायचे नाहीत. चर्चची स्वतःची 'बीहाइव्ह क्लोदिंग' नावाची शिलाई आहे, तिथं हे तयार होतात आणि चर्चच्याच दुकानात किंवा वेबसाइटवर सभासद क्रमांक देऊन मिळतात, अगदी थोडक्या डॉलरांत. सुती, मिश्र, जाळीचं, नायलॉनचं, असे कापडाचे प्रकार. सैन्यातल्यांसाठी गणवेशाला जुळणारे रंग. फाटले की आधी त्या खुणा कापून वेगळ्या करायच्या आणि नष्ट करायच्या. मग उरलं ते नुसतं फडकं.

"म्हणजे जानव्यासारखंच की," आई म्हणाली. "जुनं कुठंही टाकत नाहीत."

मला जानवं नाही, आबांची माळ आठवत होती. आबा यंत्रमागावर होते. माळ बंडीच्या आत असायची, मागात अडकू नये म्हणून, दाखवायची म्हणून नव्हेच. पंढरपूरला जाऊन घातलेली, त्या दिवसापासून मटण-मासळी बंद, दारू बंद, एकादशी चालू. अंघोळीलाही काढायची नाही. एकदा दोरा तुटला आणि मणी मागाखाली गडगडले, तर मणी गोळा करून पुन्हा ओवून गळ्यात पडेपर्यंत आबांनी अन्नाला हात लावला नाही. आजी चिडलेली, कारण भाकरी तव्यावरून उतरलेली. मी सात-आठ वर्षांची, मागाखाली मणी शोधायला मलाच घुसवलं होतं. शेजारणीला हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "सगळे सापडले?" दोन नव्हते सापडले. नवे घातले.

मुंबईत शिकत असताना माझी एक पारशी मैत्रीण होती. तिचा सदरा आणि कुस्ती याच्या अजून जवळचे. सदरा पांढऱ्या मलमलीचा, कपड्यांच्या आत, अंगाला लागून. कुस्ती म्हणजे कमरेभोवती बांधायची दोरी, 72 धाग्यांची, लोकरीची. सदऱ्याच्या गळ्याशी एक इवलासा खिसा असतो, चांगली कर्मं साठवायचा. शिलाईच्या वर्गातल्या आम्ही सगळ्या त्या खिशावर फिदा होतो. इतका लहान खिसा सरळ बसवणं सोपं नाही.

सोवळं मात्र मला इथं बसत नाही, जरी मराठी माणसाला पहिलं तेच सुचतं. सोवळं जगापासून लांब ठेवायचं वस्त्र: उंच दांडीवर काठीनं वाळत घातलेलं, कुणी शिवायचं नाही, स्वयंपाक आणि पूजा झाली की उतरवायचं. गार्मेंट नेमकं उलटं. ते अंगाला चिकटून कॉस्टकोच्या रांगेत उभं राहतं, बर्फ उपसतं, घामेजतं, बाळाच्या दुधानं भिजतं, आणि तरीही पवित्र राहतं. दुसऱ्याच्या स्पर्शानं ते बाटत नाही. ज्यानं घातलंय त्यानं वचन मोडलं तर काय ते. शेजारणीला मी सोवळं समजावलं तेव्हा ती म्हणाली, "मग मुलं झाल्यावर बायका काय करायच्या?" बायका बाजूला बसायच्या, म्हटलं. त्यावर ती काही बोलली नाही. मीही विषय बदलला.

आता 'जादू'कडं. जमावानं कार्थेजला हल्ला केला तेव्हा कोठडीत चौघं होते. जोसेफ आणि त्याचा भाऊ हायरम मारले गेले, जॉन टेलर गोळ्यांनी चाळण होऊनही वाचले, आणि विलर्ड रिचर्ड्स जवळजवळ ओरखड्याशिवाय बाहेर आले. गार्मेंट अंगात होतं ते फक्त रिचर्ड्सच्या, असं तेव्हापासून सांगितलं जातं. एवढ्या एका प्रसंगातून दीडशे वर्षांच्या गोष्टी फुटल्या: आगीत, युद्धात, अपघातात गार्मेंट तेवढं शाबूत, त्याखालचं अंग शाबूत. हॉटेलवाले बिल मॅरियट यांनीही 1996 मध्ये एका टीव्ही मुलाखतीत बोटीला लागलेल्या आगीबद्दल हेच सांगितलं होतं, की पँट जळाली पण गार्मेंट होतं तिथं भाजलं नाही.

शेजारणीला मी थेट विचारलं, तुझा विश्वास आहे का यावर? ती मशीनवरच्या रिळाकडं बघत म्हणाली, "माझ्या भावाला गाडीनं उडवलं तेव्हा त्यानं घातलेले होते." पुढचं वाक्य आलं नाही. मी चहा केला, माझ्यापुरता. तिला कोकम सरबत. पहिल्या भेटीत तिनं चहा नाकारला तेव्हा मला राग आला होता, आता तिच्यासाठी घरात आगळ असतंच. थोड्या वेळानं ती म्हणाली, "राखतं ते मला माझ्यापासून. बाकीचं मी मागत नाही."

आपल्याकडं कवचस्तोत्रं आहेत: डोकं अमुक राखो, गळा तमुक राखो, गुडघ्यांना अमक्यानं सांभाळावं, असं अवयवागणिक देवाला नेमून दिलेलं. लहानपणी तिन्हीसांजेला ती घडाघडा म्हणायचो, तरी शाळेतून येताना गुडघे फुटायचे ते फुटायचेच. कुणी स्तोत्राकडं तक्रार केली नाही.

इथवर वाचून वाटेल की मी नुसती कौतुकं करते आहे. तसं नाही. जे कापड चोवीस तास, आयुष्यभर अंगावर राहणार, ते अंगाला बसतं का, हा प्रश्न शिंपिणीला पडणारच, आणि इथल्या बायकांना तो कित्येक वर्षं पडलेला आहे. गुडघ्यापर्यंतची चड्डी, तिच्यावर जीन्स, 38 अंशांचा उन्हाळा. पाळीच्या दिवसांत ती कशी सांभाळायची? बाळंतपणानंतर, अंगावर पाजताना? सारखं मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होणाऱ्या बाईनं काय करायचं? हे प्रश्न बिशपला विचारायचे, आणि बिशप नेहमी पुरुष. 2021 मध्ये एका सभासद बाईनं इन्स्टाग्रामवर उघडपणे मऊ, हवा खेळती राहील असं कापड मागितलं तेव्हा खाली हजारो बायका बोलत्या झाल्या. इतक्या वर्षांचं खाज-घाम एकदम बाहेर आलं.

मग 2024 च्या शेवटी चर्चनं उष्ण-दमट देशांसाठी नवे नमुने जाहीर केले, त्यात बिनबाह्यांची बंडी. अमेरिकेत ती यायला आणखी वर्ष होतं, पण आमच्या गल्लीत बातमी दिवाळीच्या फराळासारखी फिरली. शेजारणीच्या भाचीनं त्याच आठवड्यात बिनबाह्यांचे तीन फ्रॉक घेऊन टाकले. शेजारीण मात्र त्या दिवशी कधी नव्हे ती कडवट होती. "तीस वर्षं मी दुकानात आवडलेला प्रत्येक ड्रेस हँगरवर परत ठेवला," ती म्हणाली. "मुलींना शिकवलं की खांदा झाकणं म्हणजे देवाला मान देणं. आता खांदा चालतो म्हणे. मग मी परत ठेवलेले ड्रेस कोण देणार?" चर्चचं म्हणणं असं की गार्मेंट हे अंग झाकायच्या नियमासाठी नाहीच, ते वचनांचं आहे. असेल. पण माप ज्यानं ठरवलं त्यानं एका पिढीच्या बायकांची कपाटं ठरवली, हे मी रोज बघते. प्रॉमच्या, म्हणजे शाळेतल्या नाचाच्या समारंभाच्या, ड्रेसना बाह्या जोडणं, लग्नाच्या गाऊनच्या पाठीला लेस लावून ती बंद करणं, यावर इथल्या कितीतरी शिलाईवाल्यांची चूल पेटते. माझीसुद्धा.

हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की लोक एकमेकांना न विचारता ओळखतात. पांढऱ्या शर्टातून छातीवर गळ्याची एक गोल रेघ दिसते, तिला इथं थट्टेनं 'स्वर्गीय हसू' म्हणतात. मांडीवर, गुडघ्याच्या वर, पँटीतून शिवणीची कड. नवी सून, नवा शेजारी, नवा साहेब, डोळे एकदा तिथं जाऊन येतात. न दिसण्यासाठी असलेल्या कपड्याकडं सगळ्यांची नजर! आणि ती रेघ एक दिवस दिसेनाशी झाली, तर तेही लक्षात येतं.

ते मला एका गिऱ्हाईकामुळं कळलं. चाळिशीची बाई, सहा-सात ड्रेस घेऊन आली, सगळे लांब बाह्यांचे, चांगल्या कापडाचे. म्हणाली, बाह्या काढून टाक. मी नेहमीप्रमाणं मुंढा किती खोल घेऊ, पायपिन लावू का, असं विचारत होते. तिला धड सांगता येईना. बिनबाह्यांचं तिनं जन्मात घातलं नव्हतं. आपल्याला कसा मुंढा आवडेल हे ठाऊक नसलेली चाळिशीची बाई मी पहिल्यांदाच पाहिली. चर्च सोडून तिला दोन वर्षं झाली होती. प्रार्थना थांबली, दहावा हिस्सा थांबला, कॉफीचं मशीन आलं, पण गार्मेंट्स अंगावर आणखी आठ महिने राहिले. आणि काढल्यावर ते खोक्यात घालून कपाटाच्या वरच्या फळीवर. "टाकवत नाहीत," ती म्हणाली. नवरा अजून चर्चमध्ये आहे. ज्या रात्री ती साधी दुकानातली बंडी घालून झोपायला आली, त्या रात्री तो काही बोलला नाही, फक्त दिवा लवकर मालवला.

मी एका ड्रेसचा एकच मुंढा कच्च्या टाक्यानं करून दाखवला. ती आरशासमोर दंडावर तळहात ठेवून उभी राहिली, थंडी वाजल्यासारखी. मग म्हणाली, थोडी छोटी बाही राहू दे. निम्म्या ड्रेसना मी शेवटी खांद्यावर टेकेल एवढी बाही ठेवली.

समोरची शेजारीण आणि ही बाई एकमेकींना ओळखतात. एकाच वॉर्डातल्या. एकमेकींचे कपडे माझ्याकडं टांगलेले दोघींनी पाहिलेत, आणि दोघींनीही मला काहीही विचारलेलं नाही.

पोलकं तयार व्हायला मला तीन खेपा लागल्या. रेडिमेड ब्लाऊज उसवून अस्तर केलं, साडीच्या टोकाचं कापड बाह्यांना घेतलं, बगलेत कळी घातली म्हणजे हात वर केला तरी पोलकं वर सरकणार नाही. खरी पंचाईत परकराची. नाडी आवळली की आतली बंडी चुरगळून पोटावर वळकटी यायची. शेवटी नाडी काढून रुंद पट्टी आणि बाजूला हुक लावला. निऱ्या मीच घातल्या, पदर पिन केला. ती आरशात बघून म्हणाली, "मी तुझ्या आजीसारखी दिसते." दिसत होतीच, फक्त सहा फूट उंच.

लग्न सॉल्ट लेकच्या बाजूला एका हॉलमध्ये होतं. आम्हालाही आमंत्रण होतं. बाकी सगळ्या बायकांच्या पाठी उघड्या आणि एसी फुल्ल, त्यामुळं पाऊण तासात निम्म्या शाली गुंडाळून बसल्या होत्या. शेजारीण आपली मजेत, पोलक्यात. वधूच्या आजीनं तिचा दंड चिमटीत धरून कापड पाहिलं, शिवण उलटून पाहिली, आणि तेलुगूत नातीला काहीतरी बोलल्या. नात हसून म्हणाली, "आजी विचारतेय, हे शिवलं कुणी? तिला अशा चार हव्यात."

पुढच्या सोमवारी शेजारीण पोलकं घेऊन पुन्हा दारात. लग्नात तिनं पुलिहोरा आणि जिलब्या यांच्यावर भरपूर ताव मारला होता. कडेला एक हुक ताणून सुटला होता. "उसवून मोठं होईल का?" तिनं विचारलं.

मी आतली शिवण उलटून दाखवली. होईल की. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया सोडली आहे.